आकादाकेवरचा वारा

जयप्रकाश कुलकर्णी बरीच वर्षं कावासाकीच्या एका आयटी कंपनीत होते. मुलगी मिताली जपानातच वाढली, शिकली, चांगल्या नोकरीलाही लागली. मग एके दिवशी ती नोकरी सोडून आकादाके डोंगराच्या माथ्याजवळच्या लॉजवर कामाला गेली. गिर्यारोहकांसाठी रांधायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं.

"यासाठी शिकवलं का तुला?" जयप्रकाश एवढंच म्हणाले होते. ती सामान उचलून निघून गेली. नंतर आईला फोन करायची, बाबांना नाही.

हिवाळ्यात रेखाच्या लक्षात आलं, की नवरा चहाच्याही आधी फोनवर आकादाकेचं हवामान बघतो.

"काय म्हणतंय आज?"

"वारा वाढणार आहे," म्हणत त्यांनी फोन उपडा ठेवला.

"अहो, मग जाऊन या ना. शनिवारी ती सामान न्यायला खाली उतरणार आहे."

शनिवारी चिनो स्टेशनवरून बसने ते पायथ्याच्या छोट्या सरायीत पोचले. पिशवीत रेखाने दिलेली चकली आणि मेतकूट होतं. सराय चालवणाऱ्या होसोकावासान म्हणजे सत्तरीच्या बाई. त्यांनी गरम चहा पुढे केला आणि मान हलवली.

"वर वारा सुटलाय. आज कड्यावरून कोणी उतरणार नाही."

जयप्रकाश खिडकीशी बसून राहिले. वर फक्त ढग होते. त्यांच्याआड कुठेतरी आपली पोरगी आहे, एवढंच त्यांना कळत होतं. चहा गार झाला.

अंधार पडता पडता होसोकावासाननी वायरलेस लावला. रोज संध्याकाळी वरचं लॉज माथ्याची हवा कळवायचं. खरखर झाली आणि एक आवाज आला, स्पष्ट, ठाम जपानीत: तापमान उणे अठरा. वायव्येचा वारा, सेकंदाला पंचवीस मीटर. समोरचं काही दिसत नाही. उद्या दुपारपर्यंत कोणीही चढू नये.

मिताली होती ती. जयप्रकाश उठून उभे राहिले. पोरीचा असा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तिच्या शब्दावर माणसं जिथल्या तिथे थांबत होती.

होसोकावासाननी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारताच माइक हातात दिला.

"मिताली... बाबा बोलतोय. खाली आलोय."

खरखरीतून तिचा आवाज आला.

"बाबा? तुम्ही? एकटेच?"

"हो. थंडी आहे का गं वर?"

ती हसली. "उणे अठरा, बाबा. आत्ताच तर सांगितलं."

"जपानीत सांगितलंस. मला मराठीत सांग."

मग ती अडखळत सांगू लागली. वायव्य हा शब्द तिला आठवेना. "तो... नकाशात वर डावीकडचा वारा," ती म्हणाली, आणि आवाज एकदम लहानपणीचा झाला. "बाबा, मला खाली यायचं होतं. खरंच. पण नाही जमणार."

"नकोच येऊस. अशा वाऱ्यात अजिबात पाऊल टाकू नकोस," ते म्हणाले. "तुझं काम... चांगलं करतेस तू."

दुसऱ्या दिवशीही वारा पडला नाही. पिशवी होसोकावासानकडे ठेवून जयप्रकाश दुपारच्या बसने निघाले. बस वळणं घेत उतरत होती आणि ते मान वळवून मागे बघत होते. डोंगर दिसत नव्हता. तरी ते बघत राहिले.