अमावास्येला आलेली लाट

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव जिभेला जड, म्हणून रामलिंगमामा मला 'हिरवा टीव्ही' म्हणतात. माझ्यावर कार्यक्रम एकच लागतो: हिरवी रेघ. वीज हलली की रेघ हलते.

लातूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे काढली. माणसांच्या सवयी माझ्या पक्क्या ध्यानात आहेत. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रामलिंगमामांनी या गोष्टीच्या वेळेपर्यंत मला एकोणीस थापट्या मारल्या होत्या. सतरा वेळा दोष प्लगचा होता. विभागप्रमुख हणमंतराव सरांना चष्मा शोधायला जेवढा वेळ लागे, त्याहून कमी वेळात ते निकाल देत. भिंतीपलीकडे डाळमिल होती. तिची मोटार सुरू झाली की माझी रेघ उसळे. सर न बघताच म्हणत, "मिलचा झटका. खोडा."

मग हदगावची बुद्धप्रिया आली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिने माझ्याशेजारी काचेची लांब नळी मांडली. नळीतल्या विरळ वायूत वीज सोडली की तो चमके आणि त्याचे कण विद्युतभारित होत. याला प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीभोवतीच्या अवकाशातही तो आहे. त्यातून कधी कधी एकटीच लाट जाते. विजेचा एकच उंचवटा, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, आणि वाटेत आकार मोडत नाही. उपग्रहांनी तिची नोंद पाठवली, तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आधी ती नुसती खरखर वाटली होती.

तीच लाट बुद्धप्रियाला नळीत दाखवायची होती. ती तीनदा आली. मी पाहिली. तीनही वेळा वहीत 'झटका' पडला.

"शुक्रवारी परीक्षक येणार," सर म्हणाले. "तोवर लाट दाखव, नाहीतर विषय बदल." विषय बदलला की तिचे वर्ष गेले.

गुरुवारी अमावास्या होती. सकाळीच ती किल्ली मागायला आली.

"आज न्हाई, पोरी," मामा म्हणाले. "अमावास्येला कुणी नवं काम काढतं का?"

"नवं कुठंय, मामा? चार महिने तेच करून राहिले!"

"मोंढ्याचा बाजार बंद, मिल बंद, आन् तूच एकली उघडी!"

"मिल बंद हाय म्हणून तर आले."

मामांनी कपाळाला हात लावला, पण किल्ली दिली. आत येऊन दाराशीच उभे राहिले. वर मलाच बजावलं, "आज तरी नीट वाग रे."

दुपारी माझ्या रेघेवर उंचवटा आला. एकच.

"ह्यो झटका कुठून आला?" मामा पुढे सरकले. "मिल तर बंद हाय!"

"तेच तर, मामा."

लाट टिपणारी तार तिने नळीत, लाट निघते तिथून आणखी चार बोटे लांब सरकवली. उंचवटा पुन्हा आला. जरासा उशिरा, पण तोच आकार. म्हणजे तो नळीतून चालत येत होता. बुद्धप्रिया हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. मामांनी मला विसावी थापटी मारली. ती शाबासकीची होती.

शुक्रवारी सरांनी आधी चष्मा शोधला आणि मग निकाल दिला.

पुढे बुद्धप्रिया उपग्रहांच्या नोंदी वाचायला दूरच्या संस्थेत गेली. जाताना माझ्या पडद्यावरची धूळ तिने ओढणीने पुसली. नवा रंगीत ऑसिलोस्कोप आला, मी कपाटावर चढलो. नळी फुटली. मिलही गावाबाहेर गेली. आता मला झटक्याचीसुद्धा आठवण येते.

मात्र दर अमावास्येला रामलिंगमामा मला खाली घेतात, प्लग लावतात आणि सरळ रेघेकडे बघत बसतात.

"आज बी न्हाई आली," म्हणतात, आणि मला फडक्याने झाकतात.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कधीमधी वीज द्या. आणि तुमच्या वर्गात कुणी एकटंच वेगळं उमटलं, तर घाईने 'झटका' लिहू नका. आधी मिल बंद आहे का, तेवढं बघा.