पोस्टमास्तरीण

झेबाच्या पहिल्या कथेत माणसं इतकी रडत होती की कागद पिळला असता तर पाणी निघालं असतं. सासू रडत होती, शेजारीण रडत होती, कुवेतहून आलेली बातमी ऐकून दारातला दूधवालासुद्धा ढसाढसा रडत होता. अबीगेल मॅडमनी कथा वाचून संपवली, चष्मा काढला आणि विचारलं, "दूधवाला का रडतोय गं?"

"बातमीच तशी होती ना, मॅडम."

"खरंच रडला होता तो?"

झेबा म्हणाली, "नाही. थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग पिशवी कडीला अडकवून गेला. जाताना चपला हातात घेऊन जिना उतरला, आवाज नको म्हणून."

"मग ते लिही की! हे रडगाणं कशाला लावलंयस?"

अबीगेल आपटेकर म्हणजे झेबाच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. अर्ध्या पनवेलला त्यांनी निबंध शिकवला आणि उरलेल्या अर्ध्याला वर्गाबाहेर उभं केलं, असं गावात म्हणत. बाई बेने इस्रायल समाजातल्या; एयाल आणि नोगा ही त्यांची दोन्ही मुलं इस्रायलला गेली. बाई मात्र तळ्याजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. त्यांच्या कथा जुन्या दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या, आणि एका कथेचं तर लोक अजून नाव काढत. म्हणून झेबा दर बुधवारी दुपारी, लेकीला, हादियाला, शाळेत सोडलं की, त्यांच्याकडे कथा लिहायला शिकायला जाऊ लागली होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, "एक लक्षात ठेव. कथेला दिलेलं परत मिळत नाही. काय देतेस ते बघून दे." शिकवणाऱ्यांच्या तोंडी अशी वाक्यं असतातच. झेबानं मान डोलावली आणि घरी जाऊन भात टाकला.

झेबाला कथा लिहायची होती ती ओवेससाठी, तिच्या नवऱ्यासाठी. दोन वर्षांपूर्वी तो कुवेतला कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला, आणि त्याला तिथंच दफन केलं. पनवेलच्या कब्रस्तानात त्याच्या बापाची कबर होती, आज्याची होती, त्याची नव्हती. फूल वाहायला जावं तर जायचं कुठं? गावात एका दिवाळी अंकाची कथास्पर्धा जाहीर झाली तेव्हा झेबानं ठरवलं की आपण त्याची कथा लिहायची आणि ती छापून आणायची. निदान कागदावर तरी त्याला जागा मिळेल.

सासूबाईंचा, म्हणजे फहमिदाबींचा, मार्ग वेगळा होता. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या नमाजानंतर त्या ताटलीत शिरा ठेवत, उदबत्ती लावत आणि फातिहा पढत. मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेत, आणि सगळ्यांच्या शेवटी म्हणत, "आनि माझा ओवेस." तेवढ्यासाठी त्या आठवडाभर तग धरत.

बाईंनी झेबाची कथा चार वेळा परत केली. पाचव्या वेळी म्हणाल्या, "तुझा नायक जिना चढून येतो. कसा येतो? जिना तर सगळेच चढतात."

झेबाला उत्तर शोधावं लागलं नाही. ओवेस जिना चढताना बोटातली अंगठी कठड्याच्या लोखंडी गजांवर वाजवत यायचा, टण् टण् टण्, आणि शेवटच्या गजाला मुद्दाम चुकवायचा. त्या चुकलेल्या ठोक्यावर ती दार उघडायची. हादियाला बाप धड आठवत नव्हता, पण दादीनं सांगितलं म्हणून तीही शाळेतून येताना पट्टीनं गज वाजवत यायची आणि शेवटचा सोडायची. झेबानं ते लिहून काढलं. बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदाच लाल पेन खाली ठेवलं. झेबा घरी आली ती जमिनीला पाय न लावता.

त्या संध्याकाळी हादिया गुपचूप जिना चढून आली.

"आज वाजवलं नाहीस?" झेबानं विचारलं.

"काय वाजवू?"

"गज गं! अब्बा वाजवायचे तसे."

हादियानं दादीकडे पाहिलं. फहमिदाबी भाजी निवडत होत्या. "आमचा ओवेस कुठं काय वाजवायचा?" त्या म्हणाल्या. "तो चढायचा तर पत्ता लागायचा नाय कुनाला. मांजरासारखा."

म्हातारपण, झेबाला वाटलं. पोरीचं तर काय, आज एक खेळ, उद्या दुसरा. तिनं कानाडोळा केला. यश मिळत असलं की माणूस बऱ्याच गोष्टींकडे कानाडोळा करतो.

पुढच्या बुधवारी बाईंना नायकाचा चेहरा हवा होता. "देखणा म्हणू नकोस, भरदार म्हणू नकोस. एकच खूण दे, पण त्याचीच दे." झेबानं डावी भुवई दिली. लहानपणी ओवेस मोऱ्याच्या बंदरात मामाकडे गेला होता, तिथं धक्क्यावर कुणीतरी गळ फेकताना आकडा त्याच्या भुवईत रुतला. तेव्हापासून भुवई मधोमध तुटलेली होती. तो हसला की तिचे दोन तुकडे वेगवेगळे हलायचे. हे वाक्य लिहून झालं तेव्हा झेबाला स्वतःचाच हेवा वाटला.

घरी येऊन ती ओढणी काढता काढता भिंतीवरच्या निकाहच्या फोटोसमोर थांबली. फोटोत ओवेस होता, शेजारी ती होती. ओवेसची डावी भुवई सरळ, सलग होती.

तिनं काच पुसली. फोटो खाली उतरवून खिडकीपाशी नेला. मग धावत स्वयंपाकघरात गेली. "अम्मा, यांच्या भुवईला मोऱ्याला गळ लागला होता ना?"

"कसला गळ?" फहमिदाबींनी विळी आडवी केली. "माझ्या पोराला साधा वरखडा नाय कधी आला. काय अभद्र बोलतेस गं!"

झेबा तिथंच खाली बसली. भुवई आठवायची म्हणून तिनं डोळे मिटले, तर भुवई आलीच नाही. आलं ते तिचं वाक्य, स्वल्पविरामासकट. वाक्य तिला पाठ होतं, आणि चेहरा त्याच्यामागं कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी, बुधवार नसताना, ती भर उन्हात बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. त्यांना काही विचारावंच लागलं नाही.

"काय गेलं?" त्या म्हणाल्या.

"भुवई. आणि जिन्यावरचा आवाज. तुम्हाला माहीत होतं!"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला वाटलं असेल, मास्तरणी बोलतात तसं बोलतेय."

झेबाला रागानं रडू आलं. तोंड फिरवलं तेव्हा तिची नजर बाईंच्या भिंतीवर गेली. इतके बुधवार ती या खोलीत बसली होती, पण भिंतीवरचा फोटो तिनं कधी नीट पाहिला नव्हता. तरुण अबीगेल पांढऱ्या साडीत नवरीच्या वेशात उभी होती. तिचा एक हात कोपरात वाकलेला होता, कुणाच्या तरी हातात अडकवल्यासारखा. शेजारी सभागृहाची रिकामी भिंत होती.

"मॅडम, तुमचे मिस्टर?"

"होते म्हणतात," अबीगेल मॅडम म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं, चौकशीला उत्तर देतात तसा तो साधा होता. "नाव इसाजी. कथेत आहे ते. फार चांगली कथा झाली ती. अधूनमधून वाचते मी. बरा माणूस असावा."

कथा फाडून टाकायची, असं ठरवूनच झेबा घरी परतली.

पण फाडवेना. एक तर फाडून भुवई परत येणार नव्हती. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, कथा चांगली झाली होती, आणि चांगली झालेली कथा फाडायला जे काळीज लागतं ते अजून कुठल्या लिहिणाऱ्याला मिळालेलं नाही. तिनं ती स्पर्धेला पाठवली, आणि थोड्या दिवसांनी अंकाचे संपादक कमळाकर यांचा फोन आला. "झेबाताई, कथा पहिली येण्यासारखी आहे. फक्त शेवट पडलाय. तेवढा उचला, म्हणजे छापायला देतो."

शेवट पडला होता हे तिलाही दिसत होतं. नायक कुवेतहून फोन करतो, शेवटचा फोन, आणि काहीतरी गुळमुळीत बोलतो. खरा ओवेस काय बोलायचा ते तिला माहीत होतं. मोहल्ल्यातली खडान्‌खडा बातमी ती त्याला फोनवर सांगायची, म्हणून त्यानं तिचं नाव पोस्टमास्तरीण ठेवलं होतं. "काय गं पोस्टमास्तरीण, काय खबर?" हे त्याचं पहिलं वाक्य. घरानंही तेच नाव उचललं. फहमिदाबी तिला झेबा म्हणून कधी हाक मारतच नसत. "पोस्टमास्तरीण, दूध उतू चाललंय!" हादियासुद्धा लाडात आली की अम्मी सोडून तेच म्हणायची.

ओवेसचं आता काही द्यायचं नाही, असं झेबानं मनाशी पक्कं केलं होतं. पण हे त्याचं कुठं होतं? हे तर तिचं नाव. गेलं तर तिचं जाईल. ती विसरेल, एवढंच ना? त्याच्या आईकडून, पोरीकडून त्याचा एक केससुद्धा कमी होणार नाही. तिला वाटलं, आपण कथेलाच फसवलं.

शेवट लिहायच्या आधी तिनं बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हाक एकट्याची नसते गं. मारणारा असतो, तशी ओ देणारीही असते. कुणाचं देतेस ते नीट बघ."

"माझंच देतेय, मॅडम."

"मग देऊ नकोस."

झेबानं ते ऐकलं आणि फोन ठेवला. मग तिनं शेवट लिहिला. एकटाकी लिहिला, एक शब्द खोडावा लागला नाही. कमळाकरांनी वाचून फोनवर नुसतं "वा!" म्हटलं. भुवई लिहिताच गेली होती; हाक मात्र घरात रोज ऐकू येत राहिली, आणि अंक छापून आला की काय होईल एवढीच धाकधूक झेबाला उरली.

दिवाळी अंक दुकानात आला तो जुमेरातीला. संध्याकाळी झेबा तो घेऊनच घरी निघाली. पहिलं बक्षीस, पहिल्या पानावर कथा, खाली तिचं नाव. वाटेत ओळखीची भाजीवाली गोदूबाई दिसली. झेबा तिच्याकडे पाहून हसली. गोदूबाईनं गिऱ्हाईक समजून मेथीची जुडी पुढं केली.

जिना चढताना वरून उदबत्तीचा वास आला. दार उघडं होतं. फहमिदाबी ताटलीपुढं बसून नावं घेत होत्या, शेजारी हादिया डोक्यावर ओढणी घेऊन. झेबा उंबऱ्याबाहेरच थांबली. तिचा जीव कानात गोळा झाला होता. सासऱ्यांचं नाव आलं, चुलतसासूचं आलं, आणि मग शेवटी ते आलं.

"आनि माझा ओवेस."

झेबानं श्वास सोडला. राहिला! तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. चप्पल काढून ती आत आली.

फहमिदाबींनी वळून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला, परकं माणूस आलं की सावरतात तसा. "या ना, बसा. तुमी कुनाकडं आल्या?"

"अम्मा, मी..." झेबा बोलायला गेली. या घरात तिला ज्या नावानं हाक मारत ते नाव ओठांवर यायला हवं होतं. ओठ नुसते उघडे राहिले. हादिया दादीच्या मागं सरकली आणि तिच्या खांद्यावरून बघू लागली. पोरीच्या डोळ्यांत भीती नव्हती, ओळखही नव्हती.

भिंतीवर निकाहचा फोटो होता. सेहरा बांधलेला ओवेस त्यात एकटाच उभा होता.

"हिची आई कुठंय?" झेबानं कसंबसं विचारलं.

फहमिदाबींनी कपाळाला आठी घातली, नातीकडं पाहिलं. "होती म्हनतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बशीत शिरा वाढला. "घ्या. फातिहाचा हाय, नाय म्हनू नये."

झेबानं बशी घेतली. हादियाची नजर तिच्या काखेतल्या अंकावर गेली. "यात गोष्टी आहेत? वाचून दाखवाल?"

झेबानं वाचली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दूधवाला चपला हातात घेऊन उतरला, गजांवर अंगठी वाजली, भुवईचे दोन तुकडे वेगवेगळे हलले. शेवटी फोन वाजला आणि नायक म्हणाला, काय गं पोस्टमास्तरीण, काय खबर? हा शब्द आपण कधी लिहिला, ते झेबाला आठवेना.

हादिया टक लावून ऐकत होती. फहमिदाबींनी पदरानं डोळे पुसले.

"चांगली लिवलीय हो," त्या म्हणाल्या. "ती बाई तर अक्षी खरी वाटते. आपल्या घरातली असावी तशी."

झेबाच्या हातातल्या बशीतला शिरा थंड झाला होता. तिनं तो खाल्ला.