न झाडलेली ओसरी

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत झाडू लावायचा नाही, हा मनकर्णाबाईंचा नेम. अल्लीपूरहून कुणी वर्ध्याला गेलं तर तो तासाभरात सुटायचा. काल सकाळी मात्र लेक आकांक्षा नागपूरहून टोरांटोला निघाली होती. सव्वीस तासांचा प्रवास.

शेजारची सरिता हसली. "काकू, विमान समुद्रावर अन् कचरा तुमच्या घरात. झाडून काऊन नाई राह्यल्या?"

"पोचू दे तिले."

दुपारी फोन आला. "आई, पोचली मी."

मनकर्णाबाईंनी झाडू घेतला. लेकीनं जाताना निवडलेल्या मेथीच्या काड्या ओसरीवर सुकल्या होत्या. त्यांनी झाडू परत दाराआड ठेवला.

"आला का फोन, काकू?" सरितानं कुंपणावरून विचारलं.

"नाई पोचली अजून," त्या म्हणाल्या.