शेपूट धरणारा

मल्लप्पाचा हिशेब सरळ होता: एका बिघाडाला एक दिवस. बिघाड तीन, म्हणजे लेक तीन दिवस जास्त राहणार.

लेक ईश्वरप्पा बोटीवर रेडिओ ऑपरेटर. वर्षाकाठी महिनाभर सुट्टी. ती सगळी दुधनीला सासऱ्याकडे जायची आणि बापाच्या वाट्याला सोलापुरातली एक रात्र यायची. गेल्या सुट्टीत त्यानं जपानहून रेडिओवर उडणारं विमान आणलं होतं. दोघांनी जोडलं आणि एकदाच उडवलं. मल्लप्पा गुडघे टेकून शेपूट धरून बसला, लेकानं हातातल्या पेटीवरून इंजिनाचा जोर वाढवला आणि ओरडला, "अप्पा, सोडा!" ते 'सोडा' म्हाताऱ्यानं वर्षभर कानात सांभाळलं. बायको गेल्यापासून घरात त्याला हे करा, ते करा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मल्लप्पा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मुकादम होता. खात्याचा मास्तर त्याची बदली करायला निघाला, की हा एखाद्या मागाची अशी कळ फिरवून ठेवी, की ती याच्याशिवाय कुणाला सापडू नये. बदली टळायची. तीच विद्या त्यानं यंदा लेक यायच्या आधी विमानावर चालवली. इंजिनाला तेल सोडणारी सुई दीड आटा पिळली. नाकातला तोलाचा शिशाचा तुकडा काढून फळीवर ठेवला. शेपटीची पट्टी हलवणारी काडेपेटीएवढी मोटर, सर्व्हो म्हणतात ती, तिची तार भलत्याच भोकात अडकवली.

शनिवारी संध्याकाळी ईश्वरप्पा आला. रविवारी उजाडताच विमान अंगणात घेऊन बसला. इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं.

"लई बिघडलंय बघ," मल्लप्पा म्हणाला. "तीन दिवस तरी जातील."

"बघू की."

ईश्वरप्पानं पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं. शेपूट खाली गेलं. त्यानं नाक उघडलं, घरभर नजर फिरवली आणि फळीवरचं शिसं उचललं. मग तारेचं भोक पाहिलं आणि हसायलाच लागला.

"अप्पा, ही गिरणीतली कळ दिसतीय!"

"उंदरं लई झाल्यात घरात."

"उंदरं पान्यानं सुई पिळत्यात व्हय?"

मल्लप्पानं डोळे मिटून घेतले. लेकानं तार योग्य भोकात घातली, शिसं बसवलं, इंजिनाचा आवाज ऐकत सुई पाव-पाव आट्यानं सोडली. दहाला सगळं ठाकठीक झालं. दहालाच दारात सासऱ्याच्या जीपचा हॉर्न वाजला.

"येवढ्यात? मैदानावर जायचंय की!"

"आता कुटं, अप्पा? ऊन चढलं, वारं सुटलं. चांगलं असतं तर उजाडताच दोन फेऱ्या मारल्या असत्या. त्याच्यासाठीच तर जीप दहाला बोलावली होती." पाया पडून तो जीपमध्ये बसला. "पुढच्या सुट्टीत उडवू."

दुपारी मल्लप्पानं अंगणात विमान मांडलं, टाकी भरली, इंजिन चालू केलं. इतकं गोड ते गेल्या वर्षीही वाजलं नव्हतं. तो मागे गेला, गुडघे टेकले, शेपूट धरलं. पेटी लांब कट्ट्यावर पडली होती.

"मल्लप्पाण्णा, बंद करा की ते!" भिंतीपलीकडून शेजारीण गौरम्मा ओरडली. "झोपू देता का न्हाय?"

त्यानं शेपूट सोडलं नाही. टाकी संपली तेव्हा इंजिन आपोआप थांबलं.

ईश्वरप्पाची जीप वेळेवर सुटली, विमान नव्यासारखं झालं, गौरम्माची एक झोप मोडली. बाकी सगळी किंमत मल्लप्पानं भरली.