'रन'ची चार पानं

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे, आणि मित्रांनो, मला तुमच्या थुंकीची शिसारी येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचनालयाच्या टेबलावर माझा सगळा जन्म ओल्या बोटांखाली गेला.

छापखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे. ग्रंथपाल मला दोन्ही हातांनी उचलत. पुढे मात्र कोणीही यावे, जिभेला बोट लावावे आणि माझी पाने उलटावीत. एका महाशयांनी तर नाकात घातलेले बोट माझ्या समासाला पुसले. शी!

सर्वांत जास्त हाल झाले ते 'रन' या क्रियापदाच्या चार पानांचे. शब्द एवढासा, पण त्याच्या पोटात काय काय! माणूस धावतो तेही रन, नळ वाहतो तेही रन. दुकान चालते, निवडणूक लढवली जाते, धुताना कपड्याचा रंग जातो, नाक गळते, अंगात ताप असतो, सगळे रनच. लोक घाईघाईने पहिला अर्थ बघत आणि मला धाडकन मिटत.

शेवटपर्यंत वाचणाऱ्या एकट्याच, रुग्णालयातल्या आयाबाई. त्यांना परिचारिका व्हायचे होते आणि प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. कामावरून सुटल्या की त्या हात धुऊन, रुमालाने कोरडे करून माझ्यापाशी बसत. "अगं बाई, ताप आणि नळ एकाच शब्दात!" असे म्हणून स्वतःशीच हसत. त्या मला फार आवडत.

आणि दुसरे नेहमी येणारे म्हणजे ते क्लासवाले सर. "पुस्तकं लेकरांसारखी जपा रे," असे मुलांना सांगणारे. एका दुपारी ग्रंथपाल चहाला गेले. सरांनी खिशातून ब्लेड काढले, बोट चाटले आणि ती चार पाने कापून खिशात कोंबली. उतरवून घ्यायचा आळस, दुसरे काय!

संध्याकाळी आयाबाईंनी मला उघडले आणि त्या स्वतःहून ग्रंथपालांकडे गेल्या.

"साहेब, यातली पानं कुणीतरी कापलीत."

"कुणीतरी? रोज तर तुम्हीच घेऊन बसता. पिशवी दाखवा बघू."

पिशवीत डबा, छत्री आणि कामाचा ॲप्रन निघाला. सगळे माना उंचावून बघत होते. सरही तिथेच बसून चुकचुकत होते. काही सापडले नाही, तरी ग्रंथपालांनी बाईंचे कार्ड काढून घेतले.

"मी हात धुऊन बसते हो," एवढेच बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या घरी दुसरा शब्दकोश नव्हता.

काही दिवसांनी सरांच्या नोट्स लिहून झाल्या. पाने तेलकट झाली होती. ती त्यांनी ग्रंथपालांपुढे ठेवली. "कपाटामागे पडली होती, ही घ्या."

"वा सर! असे वाचक हवेत." ग्रंथपालांनी पाने चिकटवली. मग जरा घुटमळले. "त्या बाईंना कळवायला हवं, नाही का?"

"सोडा हो. त्या विसरल्याही असतील."

ग्रंथपालांनी कार्ड हातात घेतले, पाहिले आणि परत खणात टाकले. मला दोघांचीही किळस आली.

मित्रांनो, माझी पाने उलटताना बोटे ओली करू नका. पण त्याआधी एक काम करा. रुग्णालयात जाल तेव्हा आयाबाईंना शोधा आणि सांगा, पाने मिळाली आहेत, तुमचे कार्ड खणात पडून आहे, आणि तुम्ही चोर नाही हे तिथे दोघांना पक्के ठाऊक आहे.