आजी, हलू नकोस!

थंडी सरली आणि पहिल्या उबदार रविवारी सगळं शहर घराबाहेर पडलं. हॉटेलवाल्यांनी खुर्च्या फुटपाथवर मांडल्या, चौकातलं कारंजं पुन्हा सुरू झालं, खिडक्याखिडक्यांतून गाद्या उन्हात लोंबू लागल्या. अशा दिवशी करण्यासारखं इतकं काही असतं, की घरोघरी एक भांडण ठरलेलंच. टाचणीच्या घरात ते सकाळीच उरकलं.

दादाला घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचं होतं. हिवाळाभर बंद असलेला तिथला जिना आज उघडणार होता. आजीला फुलबाजार गाठायचा होता. आणि टाचणीला तळ्यावर जायचं होतं, कारण बागेतल्या होड्या आज पाण्यात उतरणार होत्या.

"तळं काय पळून चाललंय?" दादा म्हणाला. "आणि तिथं जाऊन तू करणार काय? भोवरा फिरवणार?"

टाचणी तिच्या टोपणनावासारखीच होती, बारीक आणि टोकदार. "तू वर चढ आणि तिथंच राहा," ती म्हणाली. "घरात तेवढीच शांतता."

"अरे, मनोरा, बाजार, तळं, सगळं एकाच बागेच्या अंगाला आहे," आजोबा बूट घालत म्हणाले. "ज्याला जे हवं ते करा. शेवटी तळ्याकाठी भेटू. यात भांडायचं काय?"

आजोबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती, ती म्हणजे टाचणी.

भोवऱ्याची गोष्ट गेल्या वर्षीची. त्या तळ्यावर एक पद्धत होती. मुलांना होडी एकट्यानं हवी असेल तर आधी परीक्षा द्यायची. अलीकडच्या धक्क्यावरून निघायचं, दगडी पुलाच्या मधल्या कमानीतून कुठंही न घासता पलीकडे जायचं. जमलं, की होडीवाले काका मनगटावर निळी पट्टी बांधत. मग पुढचा हिवाळा येईपर्यंत तळं तुमचं.

टाचणी गेल्या वर्षी बसली आणि घाबरली. कारण वल्हवताना पाठ पुढं असते आणि तोंड मागं. जायचं तिकडचं काहीच दिसत नाही. म्हणून ती सारखी मान वळवून बघायची. मान वळली, की एक हात ढिला पडायचा आणि होडी फिरायची. ती तळ्याच्या मधोमध गोल गोल फिरली आणि शेवटी धाडकन पुलाच्या खांबावर जाऊन आदळली. पुलावरचे लोक हसले. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसला. तेव्हापासून ती 'भोवरा'.

त्या दिवशी ती रडली नाही. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाली, "आजोबा, मला पाठीनं बघायला शिकवा."

आजोबांनी शिकवलं. हिवाळ्यात बैठकीच्या खोलीत ती सतरंजीवर बसायची, दोन्ही हातांत झाडूचे दांडे. आजोबा दाराशी एक खुर्ची ठेवायचे आणि खुर्चीच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायचे. "जवळची एक खूण, लांबची एक खूण. दोन्ही एकावर एक दिसल्या, की तू सरळ रेघेवर आहेस. आता सतरंजीसकट थोडी डावीकडे सरक बघू. कॅलेंडर कुठं गेलं?"

"तेही डावीकडे गेलं!"

"म्हणजे लांबची खूण ज्या बाजूला पळेल, त्या बाजूला तू गेलीस. मग त्याच बाजूचा हात जरा जोरात ओढायचा. बस्स. मान वळवायची गरजच नाही."

दादा जाता-येता विचारायचा, "काय कप्तान, स्वयंपाकघर आलं का?" टाचणी दांडे ओढत राहायची.

पुढं आजोबा आणि टाचणी बागेत गेली आणि पुलावर, मधल्या कमानीच्या बरोबर वर उभी राहिली. अलीकडच्या काठाकडे पाहिलं तर काम सोपंच होतं. लांबची खूण म्हणून घड्याळाचा मनोरा. आणि त्याच्या बरोबर खाली, काठावरच्या गवतात, एक मोठा पांढरा ढीग. मनोरा थेट त्या ढिगातूनच उगवल्यासारखा दिसत होता. दोघांनी ते डोळ्यांत साठवलं. त्यानंतर कितीतरी वेळा येऊन पाहिलं. झोपेतून उठवलं असतं तरी टाचणीनं सांगितलं असतं, ढिगावर मनोरा.

आज धक्क्यावर मुलांची झुंबड होती. टाचणीची पाळी आली तेव्हा दादा मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचला होता. इतक्या लांबूनही त्याचा लाल शर्ट दिसत होता. आजी बाजारातून परतली होती. कमरेएवढ्या लांब पिवळ्या फुलांच्या फांद्यांचा भारा तिनं छातीशी धरला होता, आणि काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा फेरफटका चालू होता. एका जागी थांबणं आजीच्या स्वभावातच नव्हतं. फोटो काढतानाही ती हलायची. घरच्या प्रत्येक फोटोत सगळे नीट आणि आजीच्या जागी एक धूसर पट्टा.

होडीवाल्या काकांनी नियम सांगितले. "मी माझ्या होडीतून शेजारून येईन. काठावरच्यांनी हिला काही सांगायचं नाही. डावीकडे घे नाही, उजवीकडे घे नाही. ऐकलं का आजोबा? कोणी बोललं, की परीक्षा बाद."

"तोंडाला कुलूप," आजोबा म्हणाले.

टाचणीनं वल्ही पाण्यात घातली, होडी धक्क्यापासून थोडी दूर नेली आणि खुणा शोधायला मान वर केली. मनोरा होता. ढीग नव्हता.

तिनं पुन्हा पाहिलं. काठावर गवत, माणसं, एक बाक. पांढरं काहीच नाही.

धक्क्यावर आजोबांनी कपाळावर हात मारला. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. तो पांढरा ढीग म्हणजे हिवाळ्यासाठी पालथ्या घालून रचलेल्या होड्याच होत्या! आज त्या सगळ्या पाण्यात होत्या. आणि त्यातल्याच एका होडीत, आपल्याच खुणेवर, टाचणी बसली होती. जन्मभर मुलांना खुणा शिकवणाऱ्या माणसानं काय खूण निवडली होती! त्यांचं तोंड उघडलं. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. तोंड मिटलं.

होडी हळूहळू वळू लागली. टाचणीच्या मानेला मागं वळायची जुनी ओढ लागली. फक्त एकदा बघावं, एकदाच. पुलावर लोक गोळा झाले होते. तिनं हनुवटी छातीवर घट्ट दाबली. ढीग गेला, पण ढिगाची जागा कुठं जाणार? इतके दिवस ज्या गवतावर होड्या पडून होत्या, ते आत्ता कसं असेल?

"काका!" ती ओरडली. "काठावरच्यांनी मला काही सांगायचं नाही. पण मी त्यांना सांगितलं तर?"

काकांनी वल्हं थांबवलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते हसू लागले. "तसं काही नियमात नाही बुवा. सांग की!"

"आजीऽऽ! गवत कुठं पिवळं पडलंय बघ! होड्या ठेवल्या होत्या तिथं!"

"अगं हो, हे काय इथं!" आजी भाऱ्यासकट धावली. "सगळं करपलंय बिचारं."

"त्याच्या मधोमध उभी राहा! फुलं डोक्यावर धर! आणि आजी, हलू नकोस!"

"म्हणजे किती वेळ?"

"मी पलीकडे जाईपर्यंत!"

"अगं बाई," आजी म्हणाली, आणि उभी राहिली.

हिरव्या काठावर पिवळा झुबका उभा राहिला. मनोरा त्याच्या उजवीकडे दिसत होता, म्हणजे होडी उजवीकडे होती. टाचणीनं उजवा हात जोरात ओढला. मनोरा सरकत सरकत आला आणि फुलांच्या बरोबर वर बसला. तिनं दोन्ही हात सारखे केले. ओढ, सोड. ओढ, सोड. झाडूचे दांडे, सतरंजी, खुर्ची, कॅलेंडर.

काठावर आजीची परीक्षा चालली होती. पर्समधला फोन वाजला, तिनं घेतला नाही. शेजारच्या बाईनं फुलं कुठं मिळाली विचारलं, आजी ओठ न हलवता म्हणाली, "नंतर." एक कुत्रं येऊन तिच्या चपलेचा वास घेऊ लागलं. फांद्यांनी हात भरून आले. आजी खांब झाली होती.

मनोरा किंचित डावीकडे गेला. डावा हात. परत जागेवर. टाचणीच्या पाठीला गार हवा लागली, दगडाचा ओला वास आला, डोक्यावर अंधार सरकला. कमान! तिनं मान वळवली नाही. वल्ह्यांच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं, दगड कुठंच टेकला नाही. आणि मग पुलाची सावली तिच्या चेहऱ्यावरून निघून गेली, ऊन डोळ्यांत आलं, आणि वरून लोकांनी असा गलका केला की पुलाखालची कबुतरं फडफडत उडाली.

"आजीऽऽ, हल आता!" टाचणी किंचाळली.

आजी हलली. म्हणजे नाचलीच.

काकांनी निळी पट्टी बांधताना गाठ दोनदा मारली. "ही सुटायची नाही," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी नियमात काय लिहायचं, ते तूच सांग."

टाचणी होडी घेऊन परत आली तोवर दादा धापा टाकत धक्क्यावर पोहोचला होता. सबंध जिना तो पळत उतरला होता.

"वरून बघितलं मी," तो म्हणाला. "तुझ्या होडीमागं पाण्यावर रेघ पडली होती. सुरुवातीला जरा वाकडी होती, पण नंतर पट्टीनं आखल्यासारखी, थेट कमानीपर्यंत. मनोऱ्यावर सगळे तीच बघत होते. मी म्हटलं, माझी बहीण आहे ती."

"भोवरा म्हणालास का?"

"नाही," दादा म्हणाला. मग आजीकडे बघत, "आणि तो काठावरचा पिवळा पुतळा नवीन बसवलाय का? छान आहे."

"मेल्या, हात आखडलेत माझे!" आजी म्हणाली. पण तिचा चेहरा फुलांपेक्षा खुलला होता. "आजोबांना सांग आता उभं राहायला. मला त्या बाईला बाजाराचा रस्ता दाखवायचाय."

आजोबांनी मुकाट्यानं भारा घेतला आणि करपलेल्या गवताच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आपल्या विद्यार्थिनीनं नेमून दिलेल्या जागी त्यांनी पाठ ताठ केली आणि फुलं उंच धरली.

दादा होडीत बसला, टाचणीच्या समोर. पूल जवळ येऊ लागला तसा तो चुळबुळू लागला. "अगं, खांब! खांब येतोय! मागं वळून बघ ना!"

"गप्प बस," टाचणी म्हणाली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून काठाकडे होती. मनोरा आजोबांच्या बरोबर डोक्यावर उभा होता. "मला दिसतंय."