नरसाळ्याजवळचा हात

तिने नरसाळ्यात वाळू भरली, वरून पट्टी फिरवून सपाट केली आणि एका हाताने झडप उघडत दुसऱ्याने घड्याळ सुरू केलं. वाळूची बारीक धार खालच्या काचेच्या पाटात पडली आणि वाहत्या पाण्याबरोबर पुढे सरकू लागली.

नवरा निवृत्त होऊन घरी बसल्यापासून ही धार तिच्या वाकड्यात शिरली होती. दोघांनी मिळून मांडलेल्या सूत्रातल्या वेळेपेक्षा नरसाळं रिकामं व्हायला नेहमी जास्त वेळ लागायचा. तिने वाळू भट्टीत वाळवली, पुन्हा चाळली, झडपही बदलली. काही केल्या मेळ बसेना. आणि धरणातला गाळ सोडायच्या दारांचा आराखडा आता याच सूत्रावर बेतला जाणार होता. शेवटी आज तिने नवऱ्यालाच प्रयोगशाळेत ओढून आणलं.

"घड्याळ बघ," नरसाळ्याच्या लोखंडी स्टँडला टेकून तो म्हणाला. "तंतोतंत! वाळूसुद्धा माणूस बघून वागते."

"वाळूला काय कळतंय तुमचं मोठेपण!"

"तुझ्यापेक्षा बरं कळतं."

ती हसणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. अंगठीचं बोट स्टँडवर हलकेच वाजत होतं. चहा यायला उशीर झाला की टेबलावर वाजायचं, तसंच. प्रत्येक टिचकीसरशी अडलेले कण सुटत होते. इतकी वर्षं प्रत्येक मोजणीला तो इथेच, असाच टेकून उभा असायचा.

तिने नरसाळं पुन्हा भरलं, झडप उघडून घड्याळ सुरू केलं आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

त्याने दाराकडे पाहिलं. "अगं, कोणी येईल."

"येऊ दे. तुम्ही हलू नका."

धार बारीक झाली. तिच्या मुठीत त्याचं बोट एकदोनदा चुळबुळलं, मग निपचित पडलं. सूत्रातली वेळ उलटून गेली, तरी नरसाळ्यात वाळू होतीच. तो घड्याळाकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळलं होतं.

"धरणवाल्यांना कळवावं लागेल," तो म्हणाला.

"हो."

"नाव दोघांचं आहे सूत्राला."

"कळवतानाही दोघांचंच घालू."

शेवटचे कण पडले. तिने घड्याळ बंद केलं.

"एकदा मोजून काय होतंय?" तो म्हणाला. "पुन्हा भर."

नरसाळं भरायला दोन्ही हात लागत. त्याचा हात धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.